चतुरचा सहावा नट

१

सहाव्या पंख्याचा नट जागेवर नव्हता.

पंखा होता. दोन्ही पाती पुसून लख्ख केलेली होती. पण पंख्याला मोटरच्या दांड्यावर घट्ट धरून ठेवणारा मुठीएवढा नट कुणीतरी काढला होता. तो शेजारच्या ट्रॉलीवर स्वच्छ फडक्यावर ठेवलेला होता, पाहुण्यांसाठी मांडलेल्या कपासारखा. त्याच्या बाजूला यंत्राचा लाल प्लग.

"मावशी, कशाला हात लावू नकोस हं," भाची म्हणाली. तिचा आवाज स्थिर होता, ओठ मात्र पांढरे पडले होते.

"मी कशाला लावतेय हात? मला तर सगळं जळून गेल्यावरच बोलावतात."

ते खरंच होतं. आयुष्यभर मी हेलिकॉप्टरच्या अपघातांची तपासनीस होते. शेतात, डोंगरात, कुणाच्या गच्चीवर पडलेली यंत्रं चाळणं हाच माझा धंदा. निवृत्त झाल्यावर आज पहिल्यांदाच मला कुणीतरी अपघाताच्या आधी बोलावलं होतं, तेही पाहुणी म्हणून. माझ्या भाचीनं बनवलेलं विजेवर उडणारं यंत्र आज पहिल्यांदा माणसाला घेऊन उडणार होतं.

त्याचं नाव चतुर. पाणथळीवर भिरभिरणाऱ्या त्या लांब शेपटीच्या किड्यावरून ठेवलेलं. सहा हात, प्रत्येक हातावर एक मोटर आणि एक पंखा, मधे काचेचा फुगा, त्यात दोन सीट. इंजिन नाही, धूर नाही, तेलाचा एक थेंब नाही. ही पोरगी लहानपणी घरातला मिक्सर उघडून ठेवायची तेव्हा तिची आई मला फोन करून रडायची. मी म्हणायचे, रडू नकोस, मिक्सर दुसरा आण. आज त्या सहा पंख्यांखाली उभी राहून मी मनात म्हटलं, ताई, बघ गं, मिक्सरचं चीज झालं.

पण नट निघाला होता, आणि उड्डाण खात्याचे निरीक्षक दारातून आत येत होते.

उंच, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी सगळं पाहिलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "नवा नट लावा आणि उडवा, असं नाही करता येणार मला."

"बाकीच्या पाचही नटांवर आवळल्यावर ओढलेली रंगाची रेघ अखंड आहे, म्हणजे ते कुणी हलवलेले नाहीत," भाची म्हणाली.

"नटांचं दिसतं. आतल्या तारांचं? ज्याचा हात इथे लागला त्याचा आणखी कुठे लागला नसेल कशावरून? तो माणूस समोर येऊन सांगेल तर ठीक. नाहीतर यंत्र पूर्ण उघडा, तपासा, पुन्हा अर्ज करा. हा परवाना आज सूर्यास्ताला संपतो."

पुन्हा अर्ज म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. हे हँगर दुसऱ्या कामाला द्यायचं ठरलेलं होतं. आज उडाला नाही तर चतुर खोक्यात जाणार होता, आणि खोक्यात गेलेली यंत्रं सहसा बाहेर येत नाहीत.

निरीक्षक माझ्याकडे वळले. "बाई, तुमचे अहवाल वाचून आम्ही हे काम शिकलो. दुपारच्या चहापर्यंत थांबतो मी."

असं कुणी म्हटलं की माझी मान आपोआप ताठ होते. पर्समधून भिंग काढलं आणि नटावर वाकले. कडांवर पान्याचे ताजे ओरखडे होते. दोन दिशांचे.

नट काढणाऱ्यानं आधी तो भलत्याच बाजूला पिळला होता.

२

"अगं, हा उलट्या आट्यांचा आहे," भाची म्हणाली. "सगळे पंखे एकाच बाजूला फिरले तर यंत्र स्वतःभोवती गरगरेल. म्हणून तीन उजवीकडे फिरतात, तीन डावीकडे. तीन नट सरळ आट्यांचे, तीन उलट्या. फिरताना सैल होऊ नयेत म्हणून."

"आणि हे तुला आणि तुझ्या फिटरला झोपेतसुद्धा माहीत असणार."

"आम्हीच बसवलेत ना!"

"मग तुम्ही दोघं सुटलात. आपल्याच घरचं दार कुणी उलट्या बाजूला ढकलत नाही."

फिटरनं कपाळावरचा घाम पुसला. सकाळपासून बिचारा आपल्यालाच धरणार या भीतीनं अर्धा झाला होता. आता उरलेल्यांत तिघं होती, ज्यांच्याकडे हँगरची किल्ली होती: बॅटऱ्या सांभाळणारे बॅटरीकाका, आज चतुर उडवणारे कॅप्टन आणि छोटी.

बॅटरीकाका त्यांच्या काचेच्या खोलीत होते. गोल, टकले, आणि बॅटरीबद्दल बाळाबद्दल बोलावं तसे बोलणारे.

"संशय माझ्यावर आहे ना? असू दे!" मी काही विचारायच्या आतच ते म्हणाले. "गेल्या आठवड्यात मीच म्हणालो होतो, अजून थोडं थांबा. सगळ्यांनी ऐकलंय."

"का म्हणालात?"

"एक पेटी जास्त तापत होती. बदलली मी. आता सगळ्या गुणी लेकरांसारख्या वागतायत. आज सकाळी सही पण केली. आणि मावशी, मला उड्डाण नकोच असतं तर मी सही केली नसती. बॅटरीवाल्यानं 'नाही' म्हटलं की या यंत्राचा पंखासुद्धा हलत नाही. त्यासाठी मी या वयात पाना घेऊन शिडीवर कशाला चढू? गुडघे बघा माझे!"

मी त्यांचे गुडघे पाहिले नाहीत, पण मुद्दा लक्षात ठेवला. तेवढ्यात काका एकदम काचेवर थापा मारत ओरडले, "प्लग! कॅप्टन, प्लग काढा आधी!"

बाहेर एक रुबाबदार, पिकल्या मिशांचा माणूस शेजारी उभ्या असलेल्या चतुरच्या जुन्या नमुन्याच्या पंख्याखाली बिनधास्त उभा होता. त्यानं हात हलवला, हसला आणि बाजूला झाला.

"रोज सांगतो त्यांना," काका कुरकुरले. "जुन्या हेलिकॉप्टरचं इंजिन बंद असलं की पंखा मेलेला. आमची मोटर आवाज न करता जागी होते. म्हणून नियम आहे, पंख्याजवळ जायचं तर आधी लाल प्लग उपटायचा. पण यांना कोण सांगणार? म्हणतात, 'बंद म्हणजे बंद.' "

मी ट्रॉलीकडे पाहिलं. नट काढणाऱ्यानं लाल प्लग आधी उपटला होता आणि नटाशेजारी जपून ठेवला होता.

३

कॅप्टन सराव-खोलीत जाऊन बसले होते. तिथे चतुरसारखीच सीट, उडवायचे तसेच दांडे आणि समोर मोठा पडदा. खरं उडण्याआधी इथे बसून खोटं उडायचं. मागच्या टेबलाशी छोटी होती.

छोटी म्हणजे राखीव वैमानिक. तिशीतली, अंगानं लहान, म्हणून नाव छोटी. कॅप्टनच्याच हाताखाली शिकलेली. ते आपली बॅग कुणाला उचलू देत नसत, तरी ती धरायची.

"विचारा, मावशी!" कॅप्टन म्हणाले. "वादळात उडालोय, पुरात माणसं उचललीत. आता या वयात विजेचं पाखरू उडवणार आहे. माझा नातू वर्गात सगळ्यांना सांगून आलाय."

या माणसाला मी ओळखत होते, नावानं. त्यानं इंजिन बंद पडलेलं हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानात अलगद उतरवलं होतं, आणि त्या दिवशी मला कामच उरलं नव्हतं. असल्या माणसाचा मला अभिमान वाटतो.

"ते कसं उतरवलंत?" मी विचारलं.

"यानं!" त्यांनी डावा हात वर केला. "इंजिन गेलं की हा हात दांडा खाली दाबतो. क्षणात. विचार करायचा नाही. मग खालून येणाऱ्या वाऱ्यावर पंखा फिरत राहतो आणि आपण तरंगत खाली येतो. उशीर केला तर संपलं. या हातानं आम्हाला पाच वेळा वाचवलंय."

"आणि चतुरमध्ये मोटर गेली तर?"

"काही करायचं नाही. दांडा आहे तसा धरायचा. उरलेल्या पाच मोटरी आपसांत भार वाटून घेतात. दांडा खाली दाबला तर त्या पाचही मंदावतील." ते हसले. "आजच्या उड्डाणात एक मोटर मुद्दाम बंद करून दाखवायची आहे साहेबांना. सरावात एकदाही चुकलो नाही. विचारा हिला."

छोटीनं मान हलवली. नजर वर केली नाही.

"सराव कोण घेतं?"

"हीच. आणि शिस्त बघा पोरीची. मोटर बंद करण्याआधी मोठ्यांदा सांगते, 'सर, आता तिसरी.' मीच शिकवलंय. हवेत असताना वैमानिकाला सांगितल्याशिवाय त्याचं इंजिन बंद करायचं नसतं, नाहीतर सराव व्हायचा आणि तेरावाही व्हायचा!"

ते आपल्याच विनोदावर खळखळून हसले. मीही हसले. आणि हसता हसता थांबले, कारण चोर सापडला होता आणि मला तो सापडायला नको होता.

४

सगळ्यांना सराव-खोलीत बोलावलं. निरीक्षक दाराशी हाताची घडी घालून उभे राहिले.

"वैरी नट काढत नाही," मी सुरुवात केली. "वैरी तो थोडासा सैल करतो आणि रंगाची रेघ पुन्हा ओढून ठेवतो. असे नट मी राखेत शोधलेत. हा नट पूर्ण काढून, सगळ्यांना दिसेल असा फडक्यावर मांडला होता. म्हणजे कुणालातरी यंत्र पाडायचं नव्हतं. उडू द्यायचं नव्हतं."

"कुणाला?" भाची म्हणाली.

"थांब गं. त्या माणसानं नट आधी उलटा पिळला. म्हणजे तो जुळणीतला नाही. तू नाहीस, फिटर नाही. पण त्यानं पंख्याजवळ जाण्याआधी लाल प्लग काढला. म्हणजे बाहेरचा नाही. आणि कॅप्टनही नाहीत, कारण त्यांच्या हाताला ती सवयच नाही. आज सकाळीच काकांनी त्यांना ओरडून बाजूला केलं."

कॅप्टननी मिशीवरून बोट फिरवलं. "माझ्या अवगुणानं मला वाचवलं म्हणायचं!"

"आता उरले काका आणि छोटी. इथे मी पान्याचा विचार सोडून दिला आणि वेगळा प्रश्न विचारला. आजचं उड्डाण नुसतं 'नाही' म्हणून कोण थांबवू शकलं असतं? भाची थांबवू शकली असती, यंत्र तिचं आहे. काका सही न करता थांबवू शकले असते. कॅप्टन म्हणाले असते, आज माझं मन नाही, तर वैमानिकाला कुणी कारणही विचारत नाही. ज्याच्या 'नाही'ला किंमत आहे त्याला पाना उचलावा लागत नाही. पाना तोच उचलतो ज्याला बोलता येत नाही."

छोटी उभी राहिली.

"मी काढला," ती म्हणाली. "एवढाच नट. दुसऱ्या कशालाही हात लावला नाही, शपथ घेते. पण का ते विचारू नका."

"का?" भाचीचा आवाज फुटला. "छोटी, तू? रात्रंदिवस आपण दोघींनी... तुला माहीत होतं ना परवाना आज संपतोय?"

"माहीत होतं, ताई."

"स्वतःला उडवायला मिळत नव्हतं म्हणून?" निरीक्षकांनी कोरड्या आवाजात विचारलं. छोटीचे डोळे भरले, पण तिनं तोंड उघडलं नाही. तो आळही ती पचवणार होती. मग मात्र मला राहवेना.

"तिला नका विचारू," मी म्हटलं. "कॅप्टन, जरा बसा बरं त्या सीटवर. छोटी, टेबलावरून ऊठ. मी बसते."

"मावशी, नको!" छोटी किंचाळली.

५

कॅप्टन हसतच बसले. पडद्यावर जमीन खाली गेली, झाडं लहान झाली. सुंदर उडवत होते. दांडा बोटांच्या टोकांवर, खांदे सैल.

"तुमचा नातू कितवीत आहे हो?" मी विचारलं.

"तिसरीत. वात्रट आहे, पण गणितात..."

मी मोटर बंद केली. न सांगता.

डावा हात खाली गेला. डोळ्यांना दिसेपर्यंत दांडा तळाला टेकला होता. पडद्यावर जमीन धावत वर आली आणि सगळं लाल झालं: चतुर आपटला होता.

कॅप्टन पडद्याकडे बघत राहिले. "परत," ते म्हणाले.

परत केलं. आता त्यांना ठाऊक होतं की येणार आहे, फक्त कधी ते ठाऊक नव्हतं. हात पुन्हा गेला. पुन्हा लाल.

त्यांनी दांड्यावरून हात उचलून समोर धरला आणि कुणा परक्याचा असावा तसा बराच वेळ पाहिला. मग मागे न वळता म्हणाले, "काल संध्याकाळी तू सांगायला विसरलीस, छोटी. तेव्हाही असंच झालं. मी म्हणालो, पडद्याचा दोष आहे."

"हो, सर."

"आणि तू 'बरं' म्हणालीस."

"मी काय बोलणार होते, सर?" आता तिचा बांध फुटला. "तुम्ही मला दांडा धरायला शिकवलंत. तुमच्या हातानं पाच वेळा माणसं वाचवलीत. तुमचा हात चुकतोय असं चारचौघांत मी म्हणू? आज साहेबांसमोर खरी मोटर बंद होणार होती, आणि ते आधी सांगतीलच असं नव्हतं. तुमचं लक्ष भलतीकडे असतं, आणि... चतुर खोक्यात गेला तर ताई दुसरा बनवतील. तुम्ही दुसरे कुठून आणायचे?"

मी आयुष्यभर लोकांना विचारत आले की तुम्हाला कळलं होतं तर बोलला का नाहीत. उत्तर नेहमी तेच असतं: मोठ्यांचा मान. मान राखता राखता माणसं जातात. तरीही त्या क्षणी या पोरीचा मला अभिमान वाटला. रागही आला, तोही सांगते.

"पुढच्या वेळी," मी तिला म्हटलं, "नट उघडण्याआधी तोंड उघड."

"हो, मावशी."

कॅप्टन सीटवरून उठले. सरळ उभे राहिले, कुणी पदक द्यायला आल्यासारखे. "माझा हात चुकत नाहीये," ते म्हणाले. "तो जे शिकलाय तेच करतोय. फक्त हे यंत्र वेगळं आहे. साहेब, आज मी उडवणार नाही. वैमानिकाचं 'नाही' आहे, कारणासकट. छोटी उडवेल. सरावाचे तास तिचे माझ्याइतकेच आहेत, आणि तिच्या हाताला जुनी खोड नाही."

निरीक्षकांनी भुवया उंचावल्या. "जिनं यंत्राला हात लावला तीच? तिनं आणखी काही केलं नाही, हे फक्त तिच्या शब्दावर मानायचं?"

"चतुरच्या दुसऱ्या सीटवर काय आहे?" कॅप्टननी भाचीला विचारलं.

"वाळूच्या पिशव्या. माणसाच्या वजनाच्या."

"त्या काढा. मी बसतो. साहेब, तिच्या शब्दावर माझं अख्खं वजन ठेवतो, मग तर चालेल?"

निरीक्षकांनी चष्मा पुसला. मग त्यांनी घड्याळाकडे नाही, छोटीकडे पाहिलं. "सहावा पंखा माझ्यासमोर बसवायचा. सगळ्या मोटरी आधी जमिनीवर फिरवायच्या. तुझी चौकशी उद्या होईल, आणि सोपी नसेल."

"नसू दे, साहेब," छोटी म्हणाली.

फिटरनं नवा नट बसवला, बरोबर बाजूला पिळून. काकांनी प्रत्येक पेटीवर तळहात ठेवून पाहिला. ऊन कलायला लागलं तेव्हा चतुर बाहेर पटांगणात उभा होता, आणि काचेच्या फुग्यात डावीकडे ती लहानशी पोरगी, उजवीकडे तो भारदस्त माणूस.

पंखे फिरले. मला सवय आहे ती छाती हादरवणाऱ्या धडधडीची. इथे नुसती एक उंच, स्वच्छ गुणगुण, आणि बोलता बोलता चतुर जमिनीवरून उठला. माझ्या भाचीनं माझं मनगट धरलं. तिची नखं रुतली, रुतू दिली.

झाडांच्या वर जाऊन तो थांबला. निरीक्षकांनी वायरलेसवर सांगितलं, "आता तुम्हाला न सांगता एक मोटर जाईल." भाचीनं हातातल्या खोक्यावरचं बटण दाबायला वेळ घेतला, मग दाबलं. चौथा पंखा मंदावला आणि थांबला. चतुर किंचित झुकला, जड पिशवी या हातातून त्या हातात घेताना माणूस झुकतो तेवढाच. मग सरळ झाला आणि पाच पंख्यांवर तसाच उभा राहिला.

"काही केलं नाही तिनं," काका कुजबुजले. गालांवरून पाणी वाहत होतं त्यांच्या. "बघा, काही म्हणता काही केलं नाही!"

मी दुर्बीण लावली. छोटीचा हात दांड्यावर स्थिर होता. शेजारी कॅप्टन ताठ बसले होते, दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून, शाळेतल्या पोरासारखे. आणि चेहऱ्यावर असा तोरा, की जणू सहाही पंखे त्यांनीच उचलून धरलेत.

चतुर उतरला. निरीक्षक स्वतः काचेचं दार उघडायला गेले, आणि सवयीनं त्यांनी ज्येष्ठ माणसाकडे पाहून विचारलं, "कसं झालं, कॅप्टन?"

"मला काय विचारताय?" ते खाली उतरून बाजूला झाले आणि दार तिच्यासाठी धरून उभे राहिले. "मी प्रवासी आहे. कॅप्टन त्या आहेत, त्यांना विचारा."